शिट्टी सरांचं शवासन

शाळेत त्यांना सगळे शिट्टी सर म्हणत. मुलं पाठीमागे म्हणत, शिक्षक तोंडावर म्हणत, आणि घरी बायको रागावली की तीही म्हणे. खरं नाव शिक्षकांच्या हजेरीवहीत होतं, पण तिथंही ते इतकी गिचमीड सही करत की वाचणाऱ्याची पंचाईत व्हावी. गळ्यात काळ्या दोरीला पितळी शिट्टी, हातात स्टॉपवॉच आणि डोक्यावर एकेकाळी निळी असलेली टोपी, असा हा गृहस्थ तीस वर्षं शाळेच्या मैदानावर उभा होता. उभा म्हणजे खरोखरच उभा. स्टाफरूममध्ये त्यांच्या वाट्याला एक खुर्ची आली होती, पण तिच्यावर वर्षानुवर्षं भूगोलाच्या बाईंची पर्स बसायची.

सरांचे नियम दोनच. पहिला नियम, जे स्वतः करून दाखवता येत नाही ते मुलांना सांगायचं नाही. एकदा अडथळ्यांच्या शर्यतीच्या सरावाला एका मुलाने "सर, एवढं उंच कोण उडी मारेल?" असं विचारलं. सर तेव्हा पंचेचाळिशीचे, आणि त्या दिवशी एका लग्नाला जायचं म्हणून नवी पँट घालून आलेले. त्यांनी आव देखा न ताव, धावत जाऊन अडथळा ओलांडला. उडी झकास झाली, पँट मात्र मागून उसवली. उरलेले दोन तास त्यांनी कमरेला टॉवेल गुंडाळून घेतले, पण मुलांना उडी शिकवूनच सोडली.

दुसरा नियम, शिट्टी वाजली की मूल जागेवर दिसता कामा नये. त्यासाठी सरांनी स्वतः एक प्रकार शोधून काढला होता. त्याचं नाव 'झोप-पळ'. मुलांनी गवतावर उताणं पडायचं, डोळे मिटायचे, आणि शिट्टी झाली की ताडकन उठून कुंपणापर्यंत धूम ठोकायची. तीस वर्षं शाळेतलं प्रत्येक मूल या झोप-पळीतून गेलं. शाळा सोडून बरीच वर्षं झालेला एक बाप्या म्हणे अजून कुकरची शिट्टी झाली की सोफ्यावरून उठून दारापर्यंत जातो. ही गोष्ट सर स्वतःच सगळ्यांना सांगायचे, आणि सांगताना त्यांची छाती फुगलेली असायची.

अशा माणसाला एक दिवस मुख्याध्यापकबाईंनी बोलावून घेतलं.

"सर, पालकांची मागणी आहे. शाळेत योग सुरू करायचा. सगळ्या वर्गांना, आणि तुमच्या धावण्याच्या आणि फुटबॉलच्या संघांनासुद्धा."

"करा की. चांगलीच गोष्ट आहे," सर म्हणाले. "कोण शिकवणार?"

"तुम्ही."

सरांनी मागे वळून पाहिलं. मागे फायलींचं कपाट होतं.

"आधी सगळं ऐकून घ्या," बाई म्हणाल्या. "सहामाही संपताना पालकांसमोर प्रात्यक्षिक आहे. समितीच्या अध्यक्षबाई येणार आहेत. त्यांचं मत असं, की बाहेरच्या एका अकादमीकडे तरुण, शिकलेले प्रशिक्षक आहेत, तेच खेळ आणि योग दोन्ही बघतील. मग तुम्ही उरलेली दोन वर्षं ग्रंथालयात बसायचं. पुस्तकांवर क्रमांक घालायचं काम कधीचं पडलंय. मी त्यांना सांगितलंय की आमचे सर करतील. तेवढा माझा शब्द राखा."

सर बाहेर आले ते थेट ग्रंथालयाच्या दारात जाऊन उभे राहिले. पुस्तकांशी त्यांचं काही वैर नव्हतं. पण त्या खोलीच्या तिन्ही खिडक्या मैदानावर उघडत होत्या. म्हणजे दिवसभर क्रमांक घालायचे, आणि आपल्या मैदानावर दुसऱ्या कोणाची तरी शिट्टी ऐकत बसायचं. 

अडचण अशी, की सरांना वाकता येत नव्हतं. पळणं, उड्या, चेंडूला लाथ, या वयातही सगळं जमायचं. पण उभं राहून खाली वाकले की हात गुडघ्यापाशी येऊन थांबायचे, पुढे रस्ता बंद. बुटांच्या नाड्या बांधायला त्यांना जिन्याची पायरी लागायची. आणि पहिला नियम तर आडवा पडलेला. स्वतः करून दाखवल्याशिवाय शिकवायचं कसं?

उत्तर घरातच होतं, आणि तेच तर दुखणं होतं. त्यांच्या सासूबाई त्यांच्याकडेच राहायच्या. वय अठ्ठ्याहत्तर. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये कानाला हेडफोन लावून बसण्यात उभी नोकरी गेली, त्यात पाठ गेली, आणि डॉक्टरांनी त्यांना योगाच्या वर्गाला धाडलं. तेव्हापासून वीस वर्षं त्या रोज सकाळी बाल्कनीत आसनं करत. उभ्याने वाकून दोन्ही तळवे जमिनीला टेकवत. आणि ही वीस वर्षं सर चहा पितापिता म्हणत आले होते, "आई, याला व्यायाम कसा म्हणायचा? घाम कुठाय?"

दोन दिवस सर सासूबाईंच्या आजूबाजूला घुटमळले. एकदा त्यांचा चष्मा पुसून दिला, एकदा न सांगता चहा केला. तिसऱ्या दिवशी विचारलं, "आई, पाठ कशी आहे आता?"

"माझी पाठ उत्तम आहे," सासूबाई म्हणाल्या. "तुम्हाला काय हवंय ते बोला, जावईबापू. नुसतं हॅलो हॅलो करू नका."

दुसऱ्या दिवसापासून दिवाणखान्यातलं टेबल भिंतीला लागलं आणि शिकवणी सुरू झाली. सासूबाई खुर्चीत बसून आज्ञा सोडत आणि सर सतरंजीवर घामाघूम होत. घाम कुठाय हा प्रश्न त्यांनी पुन्हा कधी विचारला नाही.

"याचे किती सेट मारायचे?" पहिल्याच दिवशी सरांनी विचारलं.

"सेट कसले? कपबश्या आहेत का? श्वास सोडा. सोडा. आता तिथंच लाइनवर राहा."

"किती सेकंद?"

"समोरचा उचलेपर्यंत."

"समोरचा कोण?"

"तुमचं शरीर. कधीची बेल वाजतेय त्याची, तुम्ही उचलताय कुठे?"

दारात उभ्या असलेल्या बायकोला हसू आवरेना. सर खाली बसले खरे, पण उठताना टीपॉयचा आधार घेतला आणि टीपॉय त्यांच्यासकट कलंडला. हा प्रकार आठवडाभर चालला. तीन आठवड्यांनी सरांची बोटं गुडघ्याखाली उतरून नडगीच्या मध्यावर पोचली, आणि तिथं जी बसली ती हलायचं नाव घेईनात.

"यंदा एवढंच," सासूबाई म्हणाल्या.

"आई, अंगठे अजून वीतभर लांब आहेत."

"असू देत. ते काय पळून चाललेत?"

मैदानावर योग सुरू झाला तो शिट्टीवरच. एक शिट्टी, हात वर. दोन शिट्ट्या, हात खाली. सरांच्या हातात स्टॉपवॉच होतंच. मग सहावीच्या मुलांनी आपण होऊनच शर्यत लावली, आणि आठ आसनांची मालिका दोन मिनिटं चाळीस सेकंदांत उरकली. त्यात दोघांची डोकी आपटली आणि एकाची चड्डीची नाडी तुटली. सरांना विक्रम नोंदवायचा मोह झाला होता, पण घरी जाऊन सांगितलं तेव्हा सासूबाईंनी नुसतं पाहिलं. त्या पाहण्यानंतर स्टॉपवॉच कपाटात गेलं.

पुढे वाकायच्या आसनाचा दिवस आला तेव्हा सर मुलांसमोर उभे राहिले, वाकले आणि नडगीपाशी थांबले. दोनशे चाळीस डोळे त्यांच्या बोटांकडे लागलेले.

"बस, सर?" पुढच्या रांगेतल्या एका गुबगुबीत मुलाने विचारलं.

"बस. माझं इथपर्यंतच जातं," सर खालूनच म्हणाले. चेहरा टोमॅटोसारखा झाला होता. "तुझं कुठवर जातं बघ."

त्याचं गुडघ्यापर्यंतसुद्धा गेलं नाही, आणि त्याला कोण आनंद झाला! खेळाच्या तासाला जी मुलं कायम मागे उभी राहायची, दप्तरं सांभाळायची, पोट दुखतंय म्हणून चिठ्ठी आणायची, ती हळूहळू पुढे सरकू लागली. एका चष्मेवाल्या मुलीचं तर कपाळ गुडघ्याला टेकलं. ती पळण्यात कायम शेवटून पहिली. तिच्याभोवती धावण्याचा अख्खा संघ गोळा झाला, आणि तीसुद्धा मोठ्या थाटात सगळ्यांना दाखवत सुटली. सरांना वाटलं, जमलं. आता मैदान कुठे जात नाही.

पण शवासन आलं आणि सगळं ओमफस्स झालं.

शवासन म्हणजे उताणं पडायचं, अंग सैल सोडायचं, बस. याहून सोपं या जगात काय असेल? पण शिट्टी सरांच्या मुलांना ते जमेना. ती पडत, डोळे मिटत, आणि एक डोळा किलकिला करून सरांच्या ओठांकडे बघत. तळवे गवतावर रोवलेले, पायाची बोटं ताणलेली. पहिल्या दिवशी कुंपणावर एक पाखरू किंचाळलं आणि बारा मुलं उठून धावत सुटली. सरांनी दोरी गळ्यातच ठेवून शिट्टी वरच्या खिशात टाकली, तर मुलं खिशाकडे बघू लागली. "अरे, पळायचं नाहीये! झोपायचंय! झोप!" सर ओरडले. सरांच्या ओरडण्याने आणखी आठ जण पळाले.

या सगळ्यांत पुढे असायची ती 'आधीच'. हे शाळेतल्या सगळ्यात वेगवान मुलीचं टोपणनाव. रिले शर्यतीत पहिला टप्पा तिचा, आणि पिस्तूल वाजायच्या आत ती सुटलेली असायची. त्या वर्षी दोन स्पर्धांत तिच्यामुळे चौघींचा संघ बाद झाला होता. दुसऱ्यांदा बाद झाल्यावर ती सामानाच्या खोलीत फुटबॉलच्या पोत्यावर बसून रडत होती.

"मी मुद्दाम नाही हो करत, सर," ती म्हणाली होती. "पायच जातात."

तेव्हा सरांनी तिच्यावर उपाय केला होता. रोज शाळा सुटल्यावर वीस झोप-पळी जास्त. त्याने तिचे पाय आणखीच लवकर जाऊ लागले.

प्रात्यक्षिकाला दहा दिवस उरले तेव्हा सर हात टेकून सासूबाईंसमोर बसले. सगळं सांगितलं.

"मुलं पडलेली असतात तेव्हा तुम्ही कुठे असता?" सासूबाईंनी विचारलं.

"समोर उभा. लक्ष नको का ठेवायला?"

सासूबाईंनी चष्मा काढला. "एक्स्चेंजमध्ये आमची एक सुपरवायझर होती. तेरा वर्षं माझ्या खुर्चीमागे उभी राहिली. वाईट नव्हती हो बाई, कधी रागावली नाही की काही नाही. पण ती कधी काय म्हणेल म्हणून माझी मान आणि पाठ सारखी तयारीत. डॉक्टर म्हणाले बसून बसून पाठ गेली. बसून नाही गेली माझी पाठ."

एरवी सरांनी काहीतरी कोटी केली असती. पण तीस वर्षांत आपल्यासमोर एकही मूल निवांत पडलेलं नाही, हे त्यांच्या पहिल्यांदाच लक्षात येत होतं. ज्या गोष्टीवर इतकी वर्षं छाती फुगवली, तिचंच आता फार वाईट वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी मैदानावर सरांनी गळ्यातली शिट्टी काढली. दोरीच्या जागी मानेवर पांढरा पट्टा उमटलेला होता. मुलांनी सरांची ती मान कधी पाहिलीच नव्हती.

"ही घे," त्यांनी आधीचच्या हातात शिट्टी ठेवली. "आजपासून शवासन संपल्याची शिट्टी तू वाजवायची. पडल्या पडल्या शंभर श्वास मोज, आणि हळूच वाजव."

"मी?" तिचे डोळे एवढाले झाले. "आणि तुम्ही, सर?"

"मी तुमच्यात पडणार. नियम आहे ना माझा."

सर गवतावर आडवे झाले तेव्हा एवढी खसखस पिकली की शवासन तिथंच आटोपलं. दुसऱ्या दिवशी आधीचने सातव्या श्वासाला शिट्टी फुंकली. "आधीच!" सगळी मुलं एका सुरात ओरडली, आणि तीही हसली. तिसऱ्या दिवशी ती बावीसपर्यंत पोचली. मग चाळीस. शिट्टी तिच्याकडे असल्यामुळे तिला कोणाच्या ओठांकडे बघायचं कारण उरलं नव्हतं, आणि सर स्वतःच डोळे मिटून पडल्यामुळे बाकीच्यांनाही. सरांना उठवायला मात्र दोन मुलं लागायची. ती पाळी कोणाची यावरून भांडणं होऊ लागली.

प्रात्यक्षिकाच्या सकाळी मैदानाच्या कडेने खुर्च्या मांडल्या. पालक आले. पहिल्या रांगेत फाइल घेऊन अध्यक्षबाई, त्यांच्या शेजारी अकादमीचा तरुण प्रशिक्षक चकचकीत ट्रॅकसूटमध्ये, आणि कोणी बोलावलं नसताना सासूबाई. आदल्या आठवड्यात सरांची झोप पार उडाली होती.

सुरुवात बरी झाली. एका पायावर उभं राहायच्या आसनात एक जण डुगडुगला, त्याने शेजारच्याला धरलं, त्याने पुढच्याला, आणि अख्खी रांग आडवी झाली. पालक पोट धरून हसले. मग सर वाकले, आणि सगळ्या पालकांसमोर नडगीपाशी थांबले. अध्यक्षबाईंनी फाइलीत काहीतरी लिहिलं. सरांनी ते पायांच्या फटीतून उलटं पाहिलं. तो ट्रॅकसूटवाला नक्की कपाळ गुडघ्याला लावत असणार.

शेवटी शवासन. एकशे वीस मुलं आणि शिट्टी सर गवतावर उताणे झाले. ऊन कोवळं होतं, वारा होता. सरांनी श्वास सोडला. लाइनवर राहा, त्यांनी स्वतःला सांगितलं.

पुढचं त्यांना नंतर पुष्कळांनी पुष्कळ प्रकारे सांगितलं, कारण त्यांना स्वतःला काहीच माहीत नव्हतं. शिट्टी सर गाढ झोपले होते. आणि थोड्या वेळाने घोरूही लागले.

पालकांत कुजबूज झाली. एका बापाचा फोन खणखणला, गवतावरचं एकही मूल हललं नाही. आधीचने शंभर श्वास मोजून शिट्टी ओठांपर्यंत नेली, मान वळवून सरांकडे पाहिलं आणि शिट्टी पुन्हा छातीवर ठेवून डोळे मिटले. चार मिनिटं झाली. नऊ झाली. मागच्या रांगेतली काही मुलं खरोखरच झोपली. अध्यक्षबाई काहीतरी बोलायला वाकल्या, तर मुख्याध्यापकबाईंनी ओठांवर बोट ठेवलं. अध्यक्षबाईंना गप्प बसवायची हिंमत तोवर कोणाची झाली नव्हती.

"आमची मुलं दोन मिनिटंही अशी पडत नाहीत," ट्रॅकसूटवाला अगदी हळू आवाजात म्हणाला. "यांनी हे कसं जमवलं?"

सरांना जाग आली तेव्हा वर नुसतं आभाळ होतं. एका क्षणात सगळं ध्यानात आलं. हात छातीकडे गेला, छातीवर शिट्टी नव्हती. संपलं, त्यांना वाटलं. अध्यक्षबाईंसमोर झोपलो. गेलं मैदान. लाजेने त्यांनी डोळे पुन्हा मिटून घेतले. तेवढ्यात कोणीतरी त्यांचा खांदा हलवला.

"सर, झालं," आधीच कानाशी म्हणाली.

"किती वेळ?"

"शंभर मोजले. मग परत शंभर. मग मोजायचं सोडून दिलं."

"अगं, शिट्टी का नाही वाजवलीस?"

"वाजवली असती तर तुम्ही दचकून उठला असता ना."

दोन मुलांनी सरांना ओढून उभं केलं. टाळ्या जोरात पडल्या, पण सरांचं लक्ष पहिल्या रांगेकडे होतं. अध्यक्षबाई फाइल मिटून त्यांच्याकडे येत होत्या. 

"सतरा मिनिटं," अध्यक्षबाई म्हणाल्या. "माझ्या नातवाला मी सतरा मिनिटं एका जागी कधी पाहिलेला नाही. तो तिकडे चौथ्या रांगेत आहे, अजून झोपलाय." मग मुख्याध्यापकबाईंकडे वळून म्हणाल्या, "पुस्तकांवर क्रमांक घालायला दुसरं कोणीतरी बघा." ट्रॅकसूटवाल्याने आठवड्यातून एकदा येऊन शिकू का असं विचारलं, आणि सरांनी त्याला पायाचे अंगठे पकडून दाखवायच्या अटीवर परवानगी दिली. त्याने तिथल्या तिथे पकडले.

"घोरणं सोडलं तर ठीक झालं," घरी जाताना सासूबाई म्हणाल्या. वीस वर्षांत सरांना त्यांच्याकडून मिळालेली ही सगळ्यात मोठी शाबासकी.

शिट्टी आधीचकडेच राहिली. सरांनी मागितली नाही, तिने दिली नाही. मानेवरचा पांढरा पट्टा उन्हाने हळूहळू बाकीच्या मानेत मिसळून गेला.

महिन्याभराने रिलेची स्पर्धा होती. या खेपेला संघ बाद झाला तर वर्ष फुकट. सर कुंपणापाशी उभे होते. आठ मुली रेषेवर वाकल्या. पंचाने हात वर केला. सगळं चिडीचूप झालं, आणि पिस्तूल वाजायच्या आत एक मुलगी सुसाट सुटली.

सरांनी डोळे गच्च मिटले. पुन्हा!

उघडले तेव्हा सुटलेली मुलगी पंधरा पावलांवर डोक्याला हात लावून उभी होती. ती शेजारच्या पट्ट्यातली, दुसऱ्या शाळेची होती. तिच्या नादाने आणखी दोघी चार पावलं पुढे गेल्या होत्या. आधीच रेषेवरच होती. पंचाने सगळ्यांना परत बोलावलं, तशी ती सरळ उभी राहिली, गर्दीत सरांना शोधलं, आणि दोन्ही हातांची बोटं खाली करून आपले पाय दाखवले. पाय रेषेच्या मागे होते. गेले नव्हते.

शर्यत अजून व्हायची होती. शिट्टी सरांनी मात्र तिथंच टोपी काढून डोळे पुसले.